छत्तीस लाख आले, पण कर कशाकशावर?

पत्र

आदरणीय महोदय, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून २०२१ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वय ६२. पेन्शन महिना ४० हजार. यजमानांची कराड तालुक्यात ऊसशेती आहे, त्यांना दुसरं उत्पन्न नाही. चालू आर्थिक वर्षात (२०२५-२६) आमचं बरंच काही एकदम मॅच्युअर झालं. २००० साली घेतलेली आयुर्विमा महामंडळाची २५ वर्षांची पॉलिसी, ६ लाख १० हजार मिळाले. २०१५ साली बँकेतल्या साहेबांनी सुचवलेली एकरकमी हप्त्याची पॉलिसी, ४ लाख भरले होते, ७ लाख २० हजार व्हायला हवे होते, पण ७ लाख १३ हजार ६०० जमा झाले. तिच्यावर विमा रक्कम ५ लाख लिहिली आहे. सप्टेंबर २०२० ची ३ लाखांची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं (एनएससी), ४ लाख १६ हजार ८४७ मिळाले. गावच्या पतसंस्थेत ५ लाखांची ठेव होती, पाच वर्षांनी ७ लाख ४३ हजार झाली. यजमानांच्या उसाच्या बिलातून माझ्या नावे ऑगस्ट २०२३ मध्ये महिला सन्मान योजनेत २ लाख ठेवले होते, त्याचे २ लाख ३२ हजार ४४ आले. आणि पीपीएफचे ९ लाख ५ हजार.

एकूण ३६ लाखांच्या वर रक्कम होते. शेजारचे निवृत्त तलाठी म्हणतात, तीस टक्क्यांनी अकरा लाख सरकारला जाणार. विमा एजंट म्हणतो, विम्याचं, पोस्टाचं, शेतीचं सगळं करमुक्त असतं, रिटर्न भरायच्या भानगडीत पडू नका. मी आजवर एनएससी किंवा पतसंस्थेचं व्याज कधी रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही. ४ लाखांच्या पॉलिसीवर वजावटही घेतली नव्हती, कारण ८०सीची (बचतीवरच्या करवजावटीची) मर्यादा जीपीएफनेच (भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीनेच) भरत असे. शिवाय माझ्याकडे एक जुना इक्विटी म्युच्युअल फंड आहे, त्यात १ लाख ९० हजारांचा नफा दिसतोय. एसआयपी २०२२ मध्येच बंद केली आहे. मुलगा म्हणतो, मार्चच्या आत मोडून टाक. मोडू का? आणि पुढची ठेव सुनेच्या नावाने केली तर कर वाचेल का?

– एक वाचक, कराड तालुका

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

तलाठी भाऊसाहेबही चुकले आहेत आणि एजंटही. दोघांची चूक एकाच जागी आहे: मुदत भरून पैसे खात्यात आले की त्या दिवशी कर ठरतो, असं दोघंही धरून चालतात. भाऊसाहेब आलेल्या सगळ्या रकमेला ३० टक्के लावतात, एजंट सगळ्याच रकमेला शून्य. खरं म्हणजे यातल्या जवळजवळ प्रत्येक रकमेचा कर तुम्ही पहिल्या दिवशी अर्जावर सही केलीत तेव्हाच ठरला होता. कोणत्या साली सही केली, विमा रक्कम किती लिहिली होती, पैसे कोणाचे होते, या गोष्टी २०२५ मध्ये बदलता येत नाहीत. म्हणून मी कलमांच्या मागे न जाता तुमची एकेक सही उलगडून पाहतो.

आधी भाऊसाहेबांची भीती घालवू. मुद्दल परत आलं तर त्यावर कर नसतो. पतसंस्थेतून आलेल्या ७ लाख ४३ हजारांत ५ लाख तुमचेच होते. ३६ लाखांवर ३० टक्के हा हिशोब कुठल्याच कायद्यात बसत नाही.

पीपीएफचा विषय एका ओळीत संपतो. हप्ते, व्याज, मुदतीची रक्कम, यातलं काहीच करपात्र नाही. रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात व्याज लिहायचं, बस.

२००० सालची पॉलिसीही पूर्ण करमुक्त, बोनससकट. याचं कारण मात्र नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या पॉलिसीचं दुखणं तिथेच आहे. १ एप्रिल २००३ च्या आधी घेतलेल्या आयुर्विम्याला हप्ता आणि विमा रक्कम यांच्या प्रमाणाची अट नव्हती. मग एकरकमी पॉलिस्या विम्याच्या नावाखाली मुदत ठेवीसारख्या विकल्या जाऊ लागल्या आणि सरकारने चाप लावला. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या पॉलिसीला कुठल्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि १ एप्रिल २०१२ पासूनच्या पॉलिसीला १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. एका वर्षी जरी ही मर्यादा ओलांडली तरी मुदतीच्या रकमेची सूट जाते.

आता तुमची २०१५ ची पॉलिसी घ्या. विमा रक्कम ५ लाख, तिचे १० टक्के म्हणजे ५० हजार. तुम्ही एका झटक्यात भरले ४ लाख. म्हणजे सही केली त्याच दिवशी ही पॉलिसी सवलतीच्या बाहेर गेली होती. दहा वर्षं कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यात कुणाचा फायदा नव्हता. माहितीपत्रकावर ‘कलम १०(१०डी) नुसार करमुक्त’ असं छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘अटींच्या अधीन’. या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला सिंगल प्रीमियम विकताना सव्वापट विमा दाखवायचा आणि वर करमुक्तीचा हवाला द्यायचा, हा उद्योग मला तरी सरळ वाटत नाही. १० टक्क्यांची अट पाळायची तर ४ लाखांच्या एकरकमी हप्त्यावर ४० लाखांचा विमा द्यावा लागला असता. तेवढा विमा त्या पैशांत दिला असता तर परतावा उरलाच नसता.

तरीही पूर्ण ७ लाख २० हजारांवर कर नाही. भरलेला हप्ता वजा करायचा आणि उरलेला नफा ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचा. तो तुमच्या बाबतीत ३ लाख २० हजार. इथे तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य फार कामाचं आहे, की ८०सी जीपीएफनेच भरत असे. हप्त्याचा जो भाग तुम्ही पूर्वी वजावट म्हणून वापरला असेल, तो आता वजा करता येत नाही. तुम्ही त्या वर्षी या पॉलिसीपोटी ५० हजारांची वजावट घेतली असती, तर आज नफा ३ लाख ७० हजार धरावा लागला असता. जुनं रिटर्न किंवा त्या वर्षीचा फॉर्म १६ सापडला तर एकदा खात्री करून घ्या. आठवणीवर विसंबू नका.

कापलेले ६ हजार ४०० रुपये हा टीडीएस आहे, म्हणजे पैसे देणाऱ्याने देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर. मुदतीची रक्कम करमुक्त नसेल आणि वर्षाला लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर विमा कंपनी नफ्याच्या भागावर कर कापते. हा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला. ३ लाख २० हजारांचे २ टक्के, ६ हजार ४००. हिशोब बरोबर आहे. पण टीडीएस कापला म्हणजे कर मिटला असं नाही, आणि टीडीएस कापला नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त असंही नाही.

याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या पतसंस्थेला लागतो. आपल्याकडे गावोगावी हा समज घट्ट बसलाय की पतसंस्थेच्या व्याजावर कर नसतो. समज कुठून आला ते कळतं: सहकारी संस्था आपल्या सभासदाला व्याज देते तेव्हा, फार मोठ्या उलाढालीच्या संस्था सोडल्या तर, तिला टीडीएस कापावा लागत नाही. सहकारी बँकांनाही पूर्वी सभासदांच्या बाबतीत अशीच मोकळीक होती, ती २०१५ मध्ये गेली. पतसंस्थांची बरीचशी राहिली. पण ही मोकळीक कापणाऱ्याला आहे, मिळवणाऱ्याला नाही. पतसंस्थेचं २ लाख ४३ हजारांचं व्याज बँकेच्या व्याजाइतकंच करपात्र आहे.

ते कोणत्या वर्षी दाखवायचं, हा यातला खरा प्रश्न. एनएससीचाही तोच. व्याजाचं उत्पन्न दाखवण्याच्या दोन पद्धती कायद्याला मान्य आहेत. दरवर्षी जेवढं व्याज साठलं तेवढं त्या त्या वर्षी दाखवायचं, किंवा प्रत्यक्ष हातात आलं त्या वर्षी सगळं दाखवायचं. कुठलीही एक धरा, पण धरलेली सोडू नका. बँकेच्या ठेवीचं व्याज टीडीएसच्या धाकाने दरवर्षी दाखवायचं आणि पतसंस्थेचं मुदतीपर्यंत झाकून ठेवायचं, अशी सरमिसळ केली तर अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळते. तुम्ही कुठल्याच साठत्या ठेवीचं व्याज आजवर दाखवलेलं नाही, त्यामुळे ‘हातात आलं तेव्हा’ ही पद्धत तुमच्याकडून सातत्याने पाळली गेली आहे. जाणूनबुजून नसेल, तरी गेली आहे.

एनएससीत आणखी एक खोच आहे. तिचं व्याज मधल्या वर्षांत पुन्हा त्याच प्रमाणपत्रात गुंतवलं गेलं असं मानतात, म्हणून पहिल्या चार वर्षांच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत ८०सीची वजावट मिळू शकते. ज्यांनी ती घेतली, त्यांनी ते व्याज त्या वर्षीचं उत्पन्न म्हणूनही मान्य केलं, आणि त्यांना शेवटच्या वर्षी फक्त पाचव्या वर्षाचं व्याज दाखवायचं उरतं. तुमच्या प्रमाणपत्रांवर ६.८ टक्के दर होता. पहिल्या वर्षी २० हजार ४००, पाचव्या वर्षी साधारण २६ हजार ५००. दरवर्षी दाखवलं असतंत तर यंदा एवढेच साडेसव्वीस हजार आले असते. आता १ लाख १६ हजार ८४७ एकदम येणार. पोस्ट एनएससीवर टीडीएस कापत नाही, म्हणून पुष्कळ लोक हे विसरतात. एजंटचं ‘पोस्टाचं करमुक्त’ याच विसराळूपणातून आलेलं दिसतं. पोस्टातली पीपीएफ आणि सुकन्या करमुक्त आहेत. एनएससी, किसान विकास पत्र, मुदत ठेव, मासिक प्राप्ती, ज्येष्ठ नागरिक योजना, या सगळ्यांचं व्याज करपात्र आहे.

महिला सन्मानचंही व्याज करपात्र, पण तुमच्यासाठी नाही! पैसे यजमानांचे होते. नवऱ्याने बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशातून जे उत्पन्न होतं ते नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं असतं. ही तरतूद खरं तर पगारदार नवऱ्यांनी बायकोच्या नावे ठेवी करून कर चुकवू नये म्हणून आहे. तुमच्या घरात मात्र ती उलटी कामाला येते. ३२ हजार ४४ रुपये यजमानांच्या खात्यावर गेले, आणि त्यांना शेतीखेरीज एवढंच उत्पन्न असल्याने ते ४ लाखांच्या मूळ सूटमर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. कर शून्य. शेतीचं उत्पन्न दरासाठी मिळवण्याची भानगडही त्यांच्या बाबतीत येत नाही, कारण ती शेतीबाहेरचं उत्पन्न मूळ सूट ओलांडतं तेव्हाच येते.

मात्र एजंटचं ‘शेतीचं सगळं करमुक्त’ इथे तुटतं. उसाचं बिल करमुक्त. ते बिल बँकेत ठेवलं की त्या ठेवीचं व्याज शेतीचं उरत नाही. यजमानांची ठेव पुढे वाढली तर हे ध्यानात असू द्या. आणि ते २ लाख ३२ हजार तुमच्याच नावे पुन्हा ठेवलेत, तर मूळ २ लाखांवरचं व्याज यजमानांचं आणि वरच्या ३२ हजारांवरचं तुमचं, असा हिशोब सुरू होतो. तो वर्षानुवर्षं सांभाळण्यापेक्षा यजमानांचे पैसे यजमानांच्या नावे ठेवलेले बरे.

एक अडचण येऊ शकते. खातं तुमच्या पॅनवर असल्याने आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, हे व्याज तुमच्या नावावर दिसू शकतं. तसं दिसलं तर त्याच संकेतस्थळावर त्या नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय आहे. हे उत्पन्न दुसऱ्या पॅनचं आहे, एवढं तिथे नोंदवा. यजमानांच्या खात्यातून पैसे निघाल्याची पासबुकातली नोंद जपून ठेवा.

आता बेरीज करू. पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार, नव्या करप्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की ४ लाख ५ हजार. त्यात पॉलिसीचा नफा ३ लाख २० हजार, पतसंस्थेचं व्याज २ लाख ४३ हजार, एनएससीचं १ लाख १६ हजार ८४७. बचत खात्याचं व्याज तुम्ही लिहिलं नाहीये, मी ८ हजार धरतो. एकूण १० लाख ९२ हजार ८४७.

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के. तुमचा कर निघतो ४९ हजार २८५. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर रिबेट म्हणून पूर्ण माफ होतो. म्हणजे अकरा लाखांच्या भीतीचं उत्तर आहे शून्य, आणि वर ६ हजार ४०० परत मिळणार. जुन्या प्रणालीचा विचारही करू नका, तिथे ८०सीमध्ये काही भरलं नसेल तर सव्वा लाखाच्या वर कर बसेल.

हा परतावा मिळवायचा तर रिटर्न भरायलाच हवं, आणि भरलं नाहीत तर नोटीस यायची वाट पाहावी लागेल. विमा कंपनीने तुमच्या नावाने कर कापून जमा केलाय, म्हणजे आयकर खात्याला रक्कम आधीच माहीत आहे. रिबेटही रिटर्नमध्ये हिशोब मांडल्यावरच दिसतो. जुलैअखेरची वाट न पाहता जूनमध्ये, फॉर्म २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस नीट भरून आले की, उरकून टाका. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू म्हणून गोंधळू नका. हे रिटर्न ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाचं आहे, त्याला जुनाच कायदा लागतो. अग्रिम कराचीही चिंता नको. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्या व्यक्तीला तो भरावा लागत नाही. तुमच्या जागी पन्नाशीतली शिक्षिका असती आणि कर निघत असता, तर मार्चच्या पंधरवड्याच्या आत तो भरायला मी तिला आजच पिटाळलं असतं.

तुमच्या पत्रात खरा धोका फक्त एका ठिकाणी आहे, तो म्हणजे मुलाच्या सल्ल्यात. मुलगा चुकीचं बोलत नाहीये, पण त्याच्यासमोर तुमचं पूर्ण चित्र नाही. इक्विटी फंडाचा एक वर्षावरचा नफा सवा लाखापर्यंत करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के, एवढं त्याला ठाऊक असणार. त्याचा हिशोब असा असेल: १ लाख ९० हजारांतून सवा लाख गेले, ६५ हजारांवर ८ हजार १२५ कर, फार झालं तर वर उपकर.

पण १२ लाखांची मर्यादा मोजताना हा सगळा नफा एकूण उत्पन्नात धरला जातो, सवा लाखाच्या सुटीसकट. १० लाख ९२ हजार ८४७ अधिक १ लाख ९० हजार म्हणजे १२ लाख ८२ हजार ८४७. मर्यादा ओलांडली की रिबेट जातो, आणि मघाचे माफ झालेले ४९ हजार २८५ पुन्हा उभे राहतात. त्यात फंडाचे ८ हजार १२५ आणि ४ टक्के उपकर मिळवला की ५९ हजार ७०६. मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्यांना कायद्यात थोडा दिलासा आहे, १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेत नाहीत. पण तुम्ही ८३ हजारांनी पलीकडे जाता, तिथे तो दिलासा पोचत नाही. म्हणजे मुलाच्या मते आठ-साडेआठ हजारांचा असलेला व्यवहार तुम्हाला साठ हजारांना पडला असता. आणखी एक सांगून ठेवतो, रिबेटमधून हा फंडाच्या नफ्यावरचा कर कधीच वजा होत नाही, तो फक्त नेहमीच्या टप्प्यांच्या कराला लागू आहे.

मग फंड मोडायचाच असेल तर दोन तुकड्यांत मोडा. तुमच्याकडे १२ लाखांपर्यंत १ लाख ७ हजारांची जागा आहे. ती शेवटच्या रुपयापर्यंत वापरू नका. मार्चअखेर बचत खात्यात व्याज पडतं, पेन्शनच्या फरकाची रक्कम अचानक जमा होऊ शकते. ७५ हजारांच्या आसपास नफा होईल एवढीच युनिटं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विका. उरलेली १ एप्रिलनंतर. सवा लाखाची सूट दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते, त्यामुळे उरलेला १ लाख १५ हजारांचा नफाही त्यात मावतो. दोन्ही वर्षं मिळून या फंडावर कर शून्य. एप्रिलपर्यंत बाजार वर गेला तर नफा थोडा वाढेल, म्हणून विकण्याआधी पुन्हा आकडा पाहा.

एक तांत्रिक गोष्ट: विकताना सगळ्यात जुनी युनिटं आधी गेली असं मानतात, आणि एसआयपीत जुन्या युनिटांवर नफा जास्त असतो. फंडाच्या एकूण रकमेचा चाळीस टक्के भाग विकला की चाळीस टक्केच नफा होईल, असं नसतं. फंड कंपनीकडून भांडवली नफ्याचं विवरण मागवा. किती युनिटं विकली की किती नफा होतो ते त्यावरून काढता येतं. जमलं नाही तर मुलालाच बसवा, त्याला तेवढं येत असणार.

आता सुनेचं. नको. मुलाच्या बायकोला दिलेल्या पैशाचं उत्पन्नही देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, अगदी नवरा-बायकोसारखं. सज्ञान मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर तसं होत नाही, मग ते उत्पन्न त्यांचं. पण तुमचा कर शून्य असताना कर वाचवण्यासाठी पैसे दुसऱ्याच्या नावावर करण्यात काय मतलब आहे? मुलगा नोकरीत वरच्या टप्प्यात असेल तर उलट त्याच्याकडे कर जास्त बसेल. नातवाच्या शिक्षणासाठी द्यायचे असतील तर जरूर द्या, कराचं नाव पुढे करू नका.

नवी गुंतवणूक तुम्ही विचारलेली नाही, तरी दोन वाक्यं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२५-२६ मधला दर ८.२ टक्के, म्हणजे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१ हजार ५००. हे व्याज दरवर्षी हातात येतं आणि दरवर्षीच करात मोजलं जातं, म्हणजे पाच वर्षांनी यंदासारखा ढीग एकदम समोर येत नाही. पेन्शन धरूनही तुम्ही १२ लाखांच्या बऱ्याच खाली राहाल. एवढंच करा, की दर एप्रिलला टीडीएस कापू नका असा ज्येष्ठांचा स्वयंघोषणेचा फॉर्म, जो आजवर १५एच म्हणून ओळखला जातो, पोस्टात देत जा. नाहीतर लाखाच्या वर व्याज झालं की १० टक्के कापतील आणि परताव्यासाठी हेलपाटे. विमा कंपनीला हाच फॉर्म वेळेवर दिला असता तर ते ६ हजार ४०० कापलेच गेले नसते.

आणि ते ७ लाख ४३ हजार पुन्हा त्याच पतसंस्थेत ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्या की ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. चेअरमन ओळखीचे असले तरी नाही.